जवळच्या नात्यातल्या समुद्री बॅक्टेरियांची तुलना: जीनोम आणि फिजिऑलॉजी दोन्ही धरून, बडोद्यातल्या नवख्यांसाठी

डेझर्टेशनचे विषय वाटले गेले की कोणीतरी ज्युनिअर विचारायला येतंच, "ताई, माझ्याकडे खंभातच्या आखातातले दोन आयसोलेट आहेत, १६एस ९९.४ टक्के जुळतंय, म्हणजे दोन्ही एकच ना, मग तुलना कसली करू?" तर हा लेख त्यांच्यासाठी. एमएस्सीचं मायक्रोबायोलॉजी झालेलं आहे, पिपेट धरता येतं, पण कमांड लाइन बघून घाम फुटतो आणि सॉफ्टवेअरने काढून दिलेलं सगळं खरंच वाटतं, अशांसाठी.

आयसोलेट म्हणजे सॅम्पलमधून वेगळा काढून वाढवलेला बॅक्टेरिया. आता आधी त्या ९९.४ चं बघू. १६एस हा बॅक्टेरियाची ओळख पटवायला वाचतात तो जीन, डीएनएच्या साधारण १५०० अक्षरांचा असतो, म्हणजे ९९.४ टक्के म्हणजे फक्त ९ अक्षरांचा फरक. आणि व्हिब्रिओचा, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या ज्या बॅक्टेरियांची उदाहरणं पुढे येतील त्यांचा, अख्खा जीनोम (पेशीतला सगळा डीएनए) साधारण ५० लाख अक्षरांचा. १५०० अक्षरं वाचून ५० लाखांबद्दल निकाल द्यायचा नसतो. व्हिब्रिओमध्ये तर, खास करून हार्वेयी गटात, वेगवेगळ्या स्पीशीजचं १६एस ९९ टक्क्यांच्या वर जुळतं, त्यामुळे तिथे १६एस फक्त मोहल्ला सांगतं, घर नंबर नाही.

आणि अख्ख्या लेखाचं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे मधेच वाचायचं सोडलंत तरी चालेल. दोन्ही बॅक्टेरियांना सगळीकडे सारखं वागवायचं, तोच स्टॉक, तेच मीडियम, तेच सॉफ्टवेअर, त्याच सेटिंग. आणि जीनोम जे म्हणतो ते प्लेटवर दिसत नसेल तर घाबरायचं नाही, तिथेच खरं काम सुरू होतं.

प्रश्न आधी, सिक्वेन्सिंग नंतर

"जीनोम कम्पेअर करायचाय" हा प्रश्न नाही. प्रश्न म्हणजे, मही नदीच्या मुखाशी पावसाळ्यात पाणी जवळजवळ गोडं होतं, उन्हाळ्यात खारट, तर तिथला आयसोलेट आणि उघड्या समुद्रातला त्याचा नातेवाईक मीठ वेगवेगळं सहन करतात का, आणि करत असतील तर कुठल्या जीन्समुळे. असा प्रश्न असला की काय मोजायचं आणि जीनोममध्ये काय शोधायचं हे आपोआप ठरतं, नाहीतर हातात ५००० जीन्सची एक्सेल शीट येते आणि माणूस नुसता स्क्रोल करत बसतो.

उत्तम नमुना बघायचा तर प्रोक्लोरोकॉकस बघा. समुद्रातला इवलासा प्रकाशसंश्लेषी बॅक्टेरिया, १९८८ मध्ये पेनी चिझम आणि सहकाऱ्यांनी जगासमोर आणला. त्याचे दोन स्ट्रेन म्हणजे वाण, एमईडी४ भूमध्य समुद्रातून ५ मीटर खोलीवरून घेतलेला आणि एमआयटी९३१३ गल्फ स्ट्रीममधून १३५ मीटरवरून. दोघांचं १६एस ९७ टक्क्यांच्या वर जुळतं. पण २००३ मध्ये दोन्ही जीनोम एकत्र छापले गेले तेव्हा एकाचा निघाला साधारण १६.६ लाख अक्षरांचा आणि दुसऱ्याचा २४.१ लाखांचा. फिजिऑलॉजी त्याला बरोबर लागू पडते, एमईडी४ भरपूर उजेडात खूश, एमआयटी९३१३ मंद उजेडात. एमआयटी९३१३ नायट्राइट वापरू शकतो आणि त्याच्याकडे नायट्राइट रिडक्टेजचा जीन आहे, एमईडी४ कडे तो जीनही नाही आणि नायट्राइटवर तो वाढतही नाही. म्हणजे खोली, उजेड, नायट्रोजन आणि जीन्स, चारही गोष्टी एका ओळीत. आपल्याला इतकं नीटनेटकं मिळेलच असं नाही, पण रोख असा हवा.

सॅम्पल आणायला जाताना

बडोद्याला समुद्र नाही हे ऐकून कान किटले, पण पादरा-जंबुसर करत कावी-कंबोईला गेलात तर दोनेक तासांत आखाताच्या काठावर असता, तेच ते भरतीत बुडणारं स्तंभेश्वराचं देऊळ. आखाताच्या वरच्या भागात मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या वर जातो, त्यामुळे आधी भरतीचं वेळापत्रक बघायचं, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास जास्तच सांभाळून, आणि चिखलात लांबवर एकट्याने अजिबात जायचं नाही. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका, काही व्हिब्रिओ जखमेतून शिरतात आणि ते प्रकरण गंभीर होतं. जामनगरकडच्या मरीन नॅशनल पार्कमधून काही आणायचं असेल तर वनखात्याची परवानगी आधी, नंतर नाही.

वहीत काय लिहायचं: तारीख, वेळ, भरती की ओहोटी, पाण्याचं तापमान, पीएच, आणि रिफ्रॅक्टोमीटरवरचा खारटपणा. उघड्या समुद्राचा खारटपणा लिटरला साधारण ३५ ग्रॅम, खाडीत तो सहा तासांत बदलतो, त्यामुळे "खाडीचं पाणी" एवढंच लिहिलेलं सॅम्पल पुढे काही कामाचं नाही. जीनोम डेटाबेसमध्ये टाकतानाही हीच माहिती मागतात आणि तेव्हा फोनमधले फोटो उकरत बसावं लागतं. सॅम्पल थंड ठेवा पण व्हिब्रिओ हवे असतील तर बर्फात गाडून टाकू नका, अति थंडीत त्यातले बरेच प्लेटवर उगवायला नकार देतात.

शुद्ध कल्चर आणि एकच स्टॉक

झोबेल मरीन अगार, म्हणजे समुद्राच्या मिठाचं तयार मीडियम, बहुतेकांना चालतो, व्हिब्रिओसाठी सोबत टीसीबीएस, व्हिब्रिओ निवडून वाढवणारं मीडियम. टीसीबीएस ऑटोक्लेव्ह करायचा नसतो, नुसता उकळायचा, हे डब्यावर लिहिलेलं असतं पण डबा कोण वाचतो. त्यात साखर म्हणजे सुक्रोज आहे, ती आंबवणाऱ्यांची कॉलनी पिवळी आणि न आंबवणाऱ्यांची हिरवी. व्हिब्रिओ अल्जिनोलिटिकस पिवळा, व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस हिरवा. ही जोडी डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

मरीन अगारवर या दोघांची एक खोड आहे, स्वॉर्मिंग. बाजूने फ्लॅजेला (पोहायच्या शेपट्या) काढून अख्ख्या प्लेटवर पसरतात आणि तुम्हाला वाटतं शुद्ध आहे, खाली मात्र दुसरा कोणीतरी दडलेला असतो. प्लेट नीट वाळवून घ्या, अगार थोडा जास्त घाला, आणि सुटी कॉलनी उचलून निदान तीनदा स्ट्रीक करा. मिसळलेल्या कल्चरचा जीनोम हा पैसे वाया घालवायचा खात्रीचा मार्ग आहे.

शुद्ध झाला की लगेच ग्लिसरॉल स्टॉक, १५-२० टक्के ग्लिसरॉल, मिठाच्या मीडियममध्येच, उणे ८० वर, बऱ्याच व्हायल्स एकदम. डीएनए काढायचा तो याच स्टॉकमधून वाढवलेल्या कल्चरचा आणि फिजिऑलॉजीचा प्रत्येक प्रयोगही याच स्टॉकमधून सुरू करायचा. फ्रिजमधल्या स्लांटवरून स्लांटवर महिनोन्महिने फिरवलेला स्ट्रेन हळूहळू बदलतो, प्लास्मिड (डीएनएचं सुटं कडं) गळतं, स्वॉर्मिंग जातं, आणि मग जीनोम एकाचा आणि ग्रोथ कर्व्ह भलत्याचाच अशी गत होते.

धुताना, पातळ करताना साधं डिस्टिल्ड वॉटर वापरू नका, बिचारे फुगून फुटतात. दोन-तीन टक्के मिठाचं पाणी. आणि पॅराहीमोलिटिकस पोट बिघडवतो, तेव्हा ग्लोव्ह्ज, तोंडाने पिपेटिंग नाही, टाकाऊ सगळं ऑटोक्लेव्ह करून.

तुलना कोणाशी

नवखे लोक बहुतेक वेळा ब्लास्टमध्ये, म्हणजे सिक्वेन्स टाकून डेटाबेसमधले जुळणारे शोधायच्या टूलमध्ये, सगळ्यात वर आलेलं नाव उचलतात आणि त्याच्याशी तुलना करतात. ते नाव कोणीतरी कधीतरी डेटाबेसमध्ये टाकताना लिहिलेलं असतं, बरोबर असेलच असं नाही. बीबी१२० या स्ट्रेनचं बघा. कोरम सेन्सिंगवरचं (बॅक्टेरियांनी रासायनिक खुणांवरून आपली संख्या ओळखणं) कितीतरी नावाजलेलं काम ज्या चमकणाऱ्या स्ट्रेनवर झालं तो वर्षानुवर्षं व्हिब्रिओ हार्वेयी म्हणून ओळखला जायचा, जीनोमही त्याच नावाने, आणि २०१० मध्ये जीनोमची तुलना करून दाखवलं गेलं की हा व्हिब्रिओ कॅम्पबेलाय आहे. इतक्या प्रसिद्ध स्ट्रेनचं असं तर बाकीच्यांचं काय विचारता.

म्हणून यादीत टाइप स्ट्रेन हवेतच, म्हणजे त्या स्पीशीजचं नाव ज्या स्ट्रेनवर टांगलेलं आहे तो. एलपीएसएन या बॅक्टेरियांच्या नावांच्या साइटवर स्पीशीजचं नाव टाकलं की टाइप स्ट्रेनचे नंबर मिळतात, ते घेऊन एनसीबीआयच्या डेटाबेसवर जीनोम शोधा. प्रत्येक जवळच्या स्पीशीजचा टाइप स्ट्रेन, शिवाय दोन-चार चांगले पूर्ण जीनोम, आणि नात्यांच्या झाडाला मूळ द्यायला एक जरा लांबचा नातेवाईक. डझनभर जीनोम पहिल्यांदा भरपूर झाले. फिजिऑलॉजीलाही शक्य असेल तर टाइप स्ट्रेन प्रत्यक्ष आणून आपल्या आयसोलेटच्या शेजारी लावा, चंदीगडचं एमटीसीसी, पुण्याचं एनसीआयएम किंवा एमसीसी या कल्चर कलेक्शनच्या कॅटलॉगमध्ये बघा. दुसऱ्याच्या पेपरमधल्या टेबलाशी आपले निकाल ताडणं म्हणजे वेगळा अगार, वेगळा इन्क्युबेटर आणि वेगळा माणूस, त्याला तुलना म्हणायची नाही.

डीएनए ते असेंब्ली, हे पटकन

तरुण, वाढत्या कल्चरचा डीएनए घ्या, जुन्या चिकट झालेल्या कल्चरचा नको. नॅनोड्रॉपवर २६०/२८० (शुद्धतेचा आकडा) साधारण १.८ आला म्हणून खूश होऊ नका, आरएनए असला तरी आकडा छानच दिसतो, फक्त डीएनए मोजणाऱ्या क्यूबिटवर मोजा आणि जेलवर बघा. इल्युमिनाचे छोटे रीड्स (मशीनने वाचलेले डीएनएचे तुकडे), १०० पट कव्हरेज (प्रत्येक अक्षर सरासरी १०० वेळा वाचलेलं), म्हणजे ५० लाखांच्या जीनोमला ५० कोटी अक्षरं, तुलनेला पुरतं. पूर्ण बंद जीनोम हवा असेल तर सोबत नॅनोपोरचे लांब रीड्स. व्हिब्रिओला दोन क्रोमोसोम असतात, आणि लहान क्रोमोसोमवर स्ट्रेनगणिक बदलणाऱ्या जीन्सची गर्दी जास्त, तेव्हा पैसे असतील तर लांब रीड्स घ्याच. नुसत्या नॅनोपोरवर मात्र एकच अक्षर ओळीने अनेकदा आलं की मोजणीत चूक होऊ शकते, त्याने जीनची फ्रेम सरकते आणि धडधाकट जीन मोडका दिसायला लागतो, म्हणून पॉलिश (अशा चुका दुरुस्त) केल्याशिवाय "हा जीन निकामी झालाय" असं लिहू नका.

रीड्स आले की फास्टपीने साफ करा, स्पेड्स किंवा युनिसायक्लरने जोडा, क्वास्टने तुकडे मोजा, चेकएमने पूर्णता आणि भेसळ बघा. पूर्णता ९५ टक्क्यांच्या खाली किंवा भेसळ ५ टक्क्यांच्या वर असेल तर पुढे जायचं नाही, मागे कल्चरकडे जायचं. कमांड लाइनची भीती असेल तर गॅलॅक्सी सर्व्हरवर हे बहुतेक सगळं ब्राउझरमधून, फुकट होतं. कुठलं टूल, कुठलं व्हर्जन, कुठली सेटिंग, एका फाइलमध्ये लिहीत जा, मेथड्स लिहिताना मार्गदर्शक सर पहिलं तेच विचारणार.

आता जीनोमची तुलना

पहिला आकडा एएनआय. दोन जीनोमचे जुळणारे तुकडे सरासरी किती सारखे आहेत ते हा सांगतो, फास्टएएनआयने काही मिनिटांत निघतो. ९५-९६ टक्क्यांच्या वर असेल तर साधारणपणे एकच स्पीशीज, खाली असेल तर वेगळी. सोबत डिजिटल डीडीएच, साम्याचा असाच दुसरा आकडा, त्याची रेघ ७० टक्क्यांवर. ९५.३ वगैरे आलं तर त्या रेघेला चिकटून भांडू नका, किती टक्के जीनोम जुळवला गेला तेही बघा, आणि झाड काय म्हणतं ते बघा. झाड १६एसचं नको, सगळ्यांत सापडणाऱ्या कोअर जीन्सचं, आयक्यू-ट्रीने, बूटस्ट्रॅपसकट (फांद्या किती भरवशाच्या याचा आकडा).

दुसरं म्हणजे ॲनोटेशन, जीनोममधले जीन्स शोधून त्यांना नावं देणं, आणि इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. आपला जीनोम प्रोक्काने ॲनोटेट केला आणि टाइप स्ट्रेनची एनसीबीआयची तयार फाइल उतरवून शेजारी ठेवली की शेकडो "वेगळे" जीन्स निघतात, आणि त्यातले कितीतरी वेगळे नसतातच, दोन सॉफ्टवेअरनी जीनची सुरुवात वेगवेगळ्या जागी धरलेली असते किंवा नावं वेगळी दिलेली असतात. उतरवलेल्या जीनोमची फक्त अक्षरं घ्या आणि सगळ्यांना एकाच टूलने, प्रोक्का म्हणा बक्ता म्हणा, एकाच व्हर्जनने परत ॲनोटेट करा.

तिसरं पॅनजीनोम, म्हणजे सगळ्यांत असलेले कोअर जीन्स आणि काहींतच असलेले ॲक्सेसरी. रोअरी लोकप्रिय आहे पण त्याची डिफॉल्ट रेघ प्रोटीनला ९५ टक्के साम्याची आहे, ती एकाच स्पीशीजच्या स्ट्रेनसाठी ठीक. दोन जवळच्या स्पीशीजमध्ये तोच जीन ८८ टक्के जुळत असेल तर रोअरी त्याचे दोन जीन्स करून टाकतो आणि दोन्हीकडे "युनिक" म्हणून दाखवतो. स्पीशीज ओलांडून तुलना असेल तर रेघ खाली आणा किंवा ऑर्थोफाइंडर वापरा. आणि चार जीनोमवर "पॅनजीनोम ओपन आहे" (म्हणजे नवा जीनोम घातला की नवे जीन्स निघतच राहतात) असा ग्राफ काढून दाखवू नका, प्लीज.

आता जी यादी निघेल ती अख्खी वाचायची नाही, आपल्या प्रश्नाच्या जीन्सकडे जायचं. एखादा जीन "नाही" असं आलं तर लगेच विश्वास ठेवायचा नाही. नातेवाइकाचं प्रोटीन घेऊन आपल्या कॉन्टिग्सवर (असेंब्लीत जोडलेल्या तुकड्यांवर) टीब्लास्टएन मारा, ते प्रोटीन डीएनएत शोधतं, कदाचित जीन आहे पण कॉन्टिगच्या टोकाशी तुटलाय. तरी नाही दिसला तर कच्चे रीड्स नातेवाइकाच्या जीनोमवर मॅप करून बघा, त्या जागी खरंच खड्डा आहे का. दोन्ही तपासण्यांत नाही निघालं, तर मग "नाही" लिहा.

फिजिऑलॉजी, इथे घाई नको

जीनोमचं काम आठवड्यात उरकतं आणि लोक फिजिऑलॉजीला शेवटचे पंधरा दिवस ठेवतात. उलटं करा. सिक्वेन्सिंगचा डेटा यायची वाट बघत बसलेले असता तेव्हाच ग्रोथ कर्व्ह सुरू करा.

मिठाचा प्रयोग घेऊ. बहुतेक जण झोबेल मरीन ब्रॉथ घेतात आणि त्यात ०, २, ४, ६, ८, १० टक्के मीठ घालतात. पण त्या ब्रॉथमध्ये आधीच लिटरला १९.४५ ग्रॅम सोडियम क्लोराइड आहे, म्हणजे तुमचं "०" हे खरं जवळजवळ २ आहे आणि "८" हे जवळजवळ १०. मीठ न घातलेलं पेप्टोन वॉटर किंवा स्वतः तयार केलेला बेस घ्या आणि मीठ वरून मोजून घाला. हे बरोबर केलं तर पुस्तकातला फरक डोळ्यांनी दिसतो, पॅराहीमोलिटिकस मिठाशिवाय वाढत नाही आणि ८ टक्क्यांपर्यंत जातो पण १० ला थांबतो, अल्जिनोलिटिकस १० टक्क्यांतही वाढतो. मीठ बदललं की प्रत्येक सांद्रतेचा ब्लँक (बॅक्टेरिया न घातलेली नळी) वेगळा, कारण समुद्री मीडियममध्ये गाळ बसतो आणि तोही ओडी (गढूळपणाचा आकडा) वाढवतो. फॉस्फेट आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम एकत्र ऑटोक्लेव्ह केले की दुधासारखं पांढरं होतं, वेगवेगळे करा, थंड झाल्यावर मिसळा.

ग्रोथ रेट काढताना अख्खा कर्व्ह धरू नका, फक्त सरळ चढणारा भाग, लॉगवर. ओडी ६०० हा ०.०५ वरून ६० मिनिटांत ०.४ झाला तर आठपट, म्हणजे तीन वेळा दुप्पट, म्हणजे डबलिंग टाइम २० मिनिटं. व्हिब्रिओंचं हे असंच धावतं, व्हिब्रिओ नॅट्रिजेन्स तर चांगल्या मीडियममध्ये १० मिनिटांच्या आत दुप्पट होतो, त्यामुळे तासाला एकदा रीडिंग घेऊन चहाला गेलात तर चढ संपलेला असतो, दर १० मिनिटांनी घ्या. दोन्ही स्ट्रेन एकाच दिवशी, एकाच शेकरवर, सुरुवातीचा ओडी सारखा करून. तीन रेप्लिकेट म्हणजे एकाच नळीतून भरलेले तीन वेल नाहीत, तीन वेगळ्या कॉलनींपासून वाढवलेली तीन कल्चर, आणि शक्यतो वेगळ्या दिवशी परत. इन्क्युबेटरच्या डिस्प्लेवर ३७ दिसतं म्हणून आत ३७ असेलच असं नाही, मे महिन्यात बडोद्यात तर २५ लावलेला इन्क्युबेटर खोलीच्या उकाड्याशी झगडत असतो, आत साधा थर्मामीटर ठेवून रोज लिहा.

कार्बन सोर्सच्या टेस्टमध्ये बेसला पेप्टोन किंवा यीस्ट एक्स्ट्रॅक्ट असेल तर स्ट्रेन त्याच्यावरच वाढतो आणि तुम्हाला वाटतं मॅनिटॉल खाल्लं. बिना-कार्बनचा कंट्रोल हवाच. एपीआयच्या तयार टेस्टच्या पट्ट्या वापरत असाल तर सस्पेन्शन मिठाच्या पाण्यात, नाहीतर समुद्री स्ट्रेनला खोट्या निगेटिव्हची रांग लागते.

दोन्ही यादी शेजारी ठेवताना

एक टेबल करा, डावीकडे गुणधर्म, मग प्रत्येक स्ट्रेनचे दोन रकाने, जीन काय म्हणतो आणि प्लेट काय म्हणते. जुळलं ते लिहून पुढे जा. न जुळलेल्या ओळींवर रंग मारा.

सुक्रोजची ओळ बघा. आयसोलेट टीसीबीएसवर पिवळा आहे आणि ॲनोटेशनमध्ये सुक्रोज शब्दच सापडत नाही. बहुतेक वेळा जीन असतोच, ॲनोटेशनने त्याला नुसतं "पीटीएस ट्रान्सपोर्टर" असं मोघम नाव दिलेलं असतं. अल्जिनोलिटिकसचे सुक्रोजचे एससीआर जीन्स घेऊन ब्लास्ट करा, आणि शेजारी कोण बसलंय ते बघा, ट्रान्सपोर्टर, तोडणारं एन्झाइम, फ्रुक्टोकायनेज आणि रेग्युलेटर एकत्र दिसले तर कोडं सुटलं. नावावर शोधू नका, सिक्वेन्सवर शोधा. उलटा प्रकार, जीन आहे पण कॉलनी हिरवी, तेव्हा मधे स्टॉप कोडॉन घुसलाय का, वरचा प्रमोटरचा भाग उडालाय का, हे अक्षर-अक्षर लावून बघायचं.

मिठाची ओळ याहून मजेदार. समजा एका स्ट्रेनमध्ये एक्टोइन बनवणारे ए, बी, सी असे तीनही जीन्स आहेत आणि दुसऱ्यात नाहीत. एक्टोइन हा पेशीत साठवायचा पदार्थ, बाहेर मीठ वाढलं की पाणी आत धरून ठेवतो. म्हणजे पहिला जास्त मिठात जिंकायला हवा. तुम्ही मरीन ब्रॉथमध्ये ६ टक्क्यांवर लावता आणि दोघं सारखेच वाढतात. लगेच "जीनचा परिणाम नाही" असं लिहून मोकळे होऊ नका, मीडियममध्ये काय आहे ते वाचा. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट. त्यात ग्लायसिन बीटेन आयतंच असतं, आणि व्हिब्रिओंकडे ते बाहेरून ओढून घेणारे ट्रान्सपोर्टर असतात. आयतं मिळतंय म्हटल्यावर स्वतः बनवायचा प्रश्नच कुठे येतो, घरचा डबा असताना कोण स्वयंपाकाला लागतं. आता तोच प्रयोग मिनिमल मीडियममध्ये करा, एम९ मध्ये ग्लुकोज आणि मोजलेलं मीठ, बस. तिथे दुसरा मागे पडला तर तुमच्या हातात खरा निकाल आहे. मग तिसरी नळी लावा, तेच मिनिमल मीडियम अधिक एक मिलीमोलर ग्लायसिन बीटेन, दुसरा परत उठला तर कारणही सापडलं. आणि बीटेनऐवजी कोलिन घालून बघा, कारण काहींकडे कोलिनपासून बीटेन बनवणारे बीईटी जीन्स असतात, जीनोममध्ये ते कोणाकडे आहेत हे आधीच बघून ठेवलेलं असेल तर कोण उठेल याचा अंदाज प्रयोगाआधी वहीत लिहा, तारखेसकट.

एवढं झालं तरी "एक्टोइनमुळेच" असं ठामपणे लिहायला जीन बंद करून दाखवावा लागतो, म्युटंट करून, आणि तो परत घालून. डेझर्टेशनच्या सहा महिन्यांत ते बसत नाही, त्यामुळे "सुसंगत आहे" असं लिहा, एक्स्टर्नल एक्झामिनरला तेच जास्त आवडतं. आणि दोन स्ट्रेनमध्ये या एका जीनशिवाय आणखी शेकडो फरक आहेत हे विसरू नका, म्हणूनच एक जोडी पुरत नाही, एक्टोइनवाले तीन आणि बिनएक्टोइनवाले तीन असे मिळाले तर गोष्ट पक्की होत जाते.

जमा करणं

एनसीबीआयच्याच डेटाबेसमध्ये, कच्चे रीड्स एसआरएमध्ये, असेंब्ली जेनबँकमध्ये, आणि बायोसॅम्पलच्या फॉर्ममध्ये ते कावीचं तापमान, खारटपणा, अक्षांश-रेखांश. स्ट्रेन कल्चर कलेक्शनला द्या, नवी स्पीशीज म्हणून नाव द्यायचं असेल तर दोन वेगळ्या देशांतल्या कलेक्शनमध्ये ठेवावी लागते, आणि भारतातून स्ट्रेन बाहेर पाठवायला बायोडायव्हर्सिटी कायद्याची कागदपत्रं लागतात, त्याला वेळ जातो, ते सुरुवातीलाच सरांना विचारा. एएनआय ९५ च्या खाली आला म्हणून दुसऱ्या दिवशी नाव ठरवायला बसू नका, तोवर डेटाबेसमध्ये "व्हिब्रिओ एसपी." आणि तुमचा स्ट्रेन नंबर एवढंच लिहा. नंबर मात्र व्हायलवर, वहीत, फाइलच्या नावात आणि जेनबँकमध्ये अक्षरशः तोच हवा, मधे डॅश असेल तर सगळीकडे डॅश.